जुन्या स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन: झिजते काय, बदलायचे काय

समृद्धी महामार्गाच्या नागपूर ते शिर्डी या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पाही खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे, आणि तो आमच्या वाशीम जिल्ह्यातून, कारंजा तालुक्यातून जातो. तेव्हापासून आमच्याकडच्या तरुणांत शहरातून दहा-बारा वर्षे वापरलेली स्पोर्ट्स कार, किंवा निदान त्या स्वभावाची ताकदवान हॅचबॅक, विकत आणण्याची हौस वाढली आहे. नवी असताना जी गाडी आवाक्याबाहेर होती, ती आता ट्रॅक्टरपेक्षा कमी किमतीत मिळते. आमच्या पंचक्रोशीत अशा तीन गाड्या आहेत आणि त्यांपैकी एक माझी आहे.

गाडी आणल्यावर महिनाभरात प्रत्येकाची तक्रार जवळपास सारखीच असते. गतिरोधकावरून उतरली की गाडी दोन-तीनदा डुलते, लहान खड्ड्यातही खालून टक्क असा आवाज येतो, ब्रेक दाबला की नाक खाली घालते, आणि समृद्धीवर शंभराच्या पुढे गेली की स्टिअरिंग सतत सावरत बसावे लागते. चार मिस्त्रींना दाखवावी तर एक म्हणतो जंपर गेले, दुसरा म्हणतो बुश गेले, तिसरा लोअर आर्म बदलायला सांगतो आणि चौथा नुसत्या अलाइनमेंटवर, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्यावर, भागेल असे म्हणतो. हे चौघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात, आणि मालकाचा गोंधळ होतो तो त्यामुळेच. हे सगळे भाग एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे एकदा समजले की खर्च कुठे करायचा आणि कुठे टाळायचा हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

सस्पेन्शन कशासाठी असते?

आपल्या बंडीला सस्पेन्शन नसते. चाक आसावर, आस साटीखाली घट्ट बांधलेला. त्यामुळे चाक दगडावर चढले की अख्खी बंडी दगडाएवढी वर उचलली जाते. बैलाच्या चालीने जाताना हे चालून जाते, कारण चाकाला पुन्हा खाली टेकायला भरपूर वेळ मिळतो. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीचे चाक असे बांधले असते तर ते दगडावरून उडाले असते आणि पुढचे कित्येक फूट जमिनीला लागलेच नसते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सस्पेन्शन हे आत बसलेल्यांच्या पाठीला हादरे बसू नयेत म्हणून असते, असे बहुतेकांना वाटते. ते खरे आहे, पण अर्धेच. त्याचे पहिले काम टायर जमिनीला धरून ठेवणे हे आहे. पूर्ण गाडीचा रस्त्याशी संबंध चार टायरांच्या तळाशी असलेल्या, प्रत्येकी तळहाताएवढ्या चार ठिकाणांपुरताच असतो. ब्रेक लागणे, वळण घेणे, वेग घेणे ही सर्व कामे तेवढ्याच जागेतून होतात. चाक हवेत असताना ब्रेक कितीही चांगले असले तरी निरुपयोगी ठरतात. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तर उसळलेले चाक लगेच थांबू पाहते, त्यामुळे यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडते. म्हणून झिजलेले सस्पेन्शन ही मला आरामापेक्षा सुरक्षिततेची बाब वाटते, आणि वेगवान गाडीत तर अधिकच.

यासाठी तीन प्रकारचे भाग एकत्र काम करतात: वजन पेलणारी स्प्रिंग, स्प्रिंगची उसळी शांत करणारा डॅम्पर, आणि चाकाला आपल्या जागी धरून ठेवणारे आर्म व त्यांच्या सांध्यांतील रबरी बुश. डॅम्परला आपल्याकडे जंपर किंवा शॉकअप म्हणतात. पुढे मी जंपर हाच शब्द वापरतो.

स्प्रिंग, आणि फवारणीचा पंप

स्प्रिंगवर जितके वजन टाकावे त्या प्रमाणात ती दबते, हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो आजही प्रत्येक गाडीला लागू आहे. दाबलेली स्प्रिंग मात्र आपण होऊन शांत बसत नाही. निंबाच्या फांदीला बांधलेला झोका एकदा ढकलला की जसा बराच वेळ येत-जात राहतो, तशी स्प्रिंगही वर-खाली होत राहते. झोक्याला हात लावून थांबवणारा कोणीतरी लागतो, आणि गाडीत तो हात म्हणजे जंपर.

जंपरचे काम मला सर्वांत चांगले समजले ते कपाशीवर फवारणी करताना. पाठीवरच्या पंपाचा दांडा हळू हलवला तर सहज हलतो. जोरात दाबू गेल्यास पंप अडवतो, कारण आतले द्रव लहानशा वाटेने तेवढ्या वेगाने जाऊ शकत नाही. जंपरच्या नळीतही तेल असते, त्यात एक दट्ट्या फिरतो, आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व त्यांवर पातळ पोलादी चकत्या असतात. चाक जितक्या वेगाने उसळू पाहील तितका जंपर त्याला अधिक विरोध करतो, आणि उसळीतली शक्ती तेलाच्या उष्णतेत रूपांतरित होते. खराब रस्त्यावरून बराच वेळ आल्यावर जंपरच्या नळीजवळ हात नेला तर ऊब जाणवते, ती हीच. स्प्रिंग उलगडते तेव्हाचा विरोध सामान्यतः दबतानाच्या विरोधापेक्षा जास्त ठेवलेला असतो, म्हणजे चाक उंचवट्यावर पटकन वर येऊ शकते, पण गाडी मात्र उसळून वर फेकली जात नाही.

पंपातले वायसर झिजले की काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. दांडा फुलासारखा हलका चालतो, पण दाब बनत नाही. जंपर झिजतो तो असाच. आतल्या चकत्या थकतात, सील कडक होऊन तेल पाझरते, वायूचा दाब उतरतो आणि तेलाला फेस येऊ लागतो. फेस दाबला जातो, म्हणून विरोध राहत नाही. हे सर्व इतक्या सावकाश होते की रोज गाडी चालवणाऱ्याला बदल कळतच नाही. साधारण ८०,००० किलोमीटरच्या पुढे जंपर कसून तपासावेत असा सर्वसाधारण सल्ला असतो. आमच्याकडच्या रस्त्यांचा विचार करता मी त्याआधीच तपासायला सांगेन.

स्प्रिंगची गोष्ट वेगळी आहे. पोलादाचा ताठरपणा वयाने जवळजवळ बदलत नाही. स्प्रिंग थोडी बसते, म्हणजे गाडी काही मिलिमीटर खाली येते, किंवा रंग उडालेल्या जागी गंज धरून सर्वांत खालच्या वेढ्यापाशी मोडते. गाडी जुनी झाली म्हणून चांगल्या स्प्रिंगा फेकून देण्याचे कारण नाही. त्या मोजून पाहाव्यात. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी घ्यावे. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवेच्या फरकाने माप चुकते, चाकाच्या मध्यापासून मोजल्यास तसे होत नाही. खेड्यात खरोखर सपाट जागा शोधणे अवघड वाटेल, पण कोणत्याही जिनिंगच्या वजनकाट्याची फळी सपाट बसवलेली असते. मी माझी मापे कापसाचा हंगाम संपल्यावर तेथेच घेतली.

काळ्या मातीचा रस्ता गाडीला काय करतो

विदर्भातली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर बांधलेला रस्ता दरवर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा खचतो. त्यामुळे आमच्याकडे खड्डा नसलेल्या डांबरी रस्त्यावरसुद्धा लांब-लांब लाटा असतात. दिसायला रस्ता चांगला, पण गाडी होडीसारखी डुलत जाते.

याचे गणित सोपे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर जाते. रस्त्यावरची लाट १२ मीटर लांब असेल, तर गाडीला दर सेकंदाला साधारण १.४ धक्के बसतात. सामान्य मोटारीचा सांगाडा आपल्या स्प्रिंगांवर स्वाभाविकपणे सेकंदाला एक ते दीड वेळा झुलतो, आणि स्पोर्ट्स कारचा त्याहून काहीसा जलद. म्हणजे रस्ता झोक्याला अगदी नेमक्या वेळी ढकलत असतो. जंपर धड असेल तर हे ढकलणे तो तिथल्या तिथे जिरवतो. जंपर झिजलेला असेल तर प्रत्येक लाटेला झोका वाढत जातो. ‘एका ठरावीक वेगालाच गाडी फार डुलते, कमी-जास्त केले की बरी चालते’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हे आहे. ती भुताटकी नव्हे आणि इंजिनाचा दोषही नव्हे.

गतिरोधकांचा प्रश्न निराळा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गावोगावी हौसेने घातलेले गतिरोधक तेवढीच उंची दीड-दोन फुटांत चढतात. अशा ठिकाणी जंपर आपल्या शेवटच्या टोकापर्यंत दबतो आणि बंप स्टॉपर नावाच्या रबरी तुकड्यावर आपटतो. जुन्या गाडीत हा तुकडा बहुधा भुगा होऊन गेलेला असतो. तो अत्यंत स्वस्त आहे. नवे जंपर जुन्या बंप स्टॉपरवर बसवणे म्हणजे नव्या जंपरचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय.

बुश: न दिसणारा, पण गाडी बिघडवणारा भाग

जंपरबद्दल सगळे बोलतात. बुशबद्दल फार कमी बोलले जाते, आणि माझ्या अनुभवाने जुनी स्पोर्ट्स कार स्पोर्ट्स कारसारखी वाटेनाशी होते ती जंपरइतकीच बुशमुळेही. वखराची पास ढिली झाली की बैल कितीही चांगले असोत आणि हाकणारा कितीही जाणता असो, तास सरळ निघत नाही. बुश झिजलेल्या गाडीचे तसेच असते.

बुश म्हणजे आतली एक पोलादी नळी, बाहेरची एक पोलादी नळी, आणि दोन्हींना चिकटवून मध्ये भरलेले रबर. आर्म वर-खाली होतो तेव्हा आतली नळी फिरत नाही. मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा सुटते. त्याला ग्रीस लागत नाही. उलट, आमच्याकडे कुरकुर बंद करण्यासाठी बुशवर जळके ऑइल मारण्याची जी पद्धत आहे, ती थांबवली पाहिजे. आवाज दोन दिवस थांबतो, पण नैसर्गिक रबर तेलाने फुगते, मऊ पडते आणि लवकर सुटते.

पुढच्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आर्मचा, मागचा मोठा बुश सर्वांत जास्त सोसतो, कारण ब्रेक लावताना चाक मागे ढकलले जाते तो सर्व जोर त्याच्यावर येतो. तो फाटला की ब्रेक लावताच चाक किंचित मागे सरकते, त्याची दिशा बदलते आणि गाडी एका बाजूला ओढते. ब्रेक सोडला की चाक जागेवर येते. उभ्या गाडीची अलाइनमेंट केली तर यंत्रावर सगळे बरोबर दिसते. रस्त्यावर मात्र ते बरोबर राहत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी अलाइनमेंट करून थकलेल्या माणसाने प्रथम हा बुश पाहावा.

गाडी कुठून आली यावरूनही काही अंदाज बांधता येतो. मुंबई-कोकणातली गाडी खारट हवेने गंजते. तिचे बोल्ट सुटत नाहीत, पण रबर बऱ्यापैकी टिकलेले असू शकते. विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात राहिलेल्या गाडीचे बोल्ट सहज सुटतात, मात्र रबर सुकून त्याला भेगा पडलेल्या असतात. फार थोडी चाललेली, झाडाखाली वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी किलोमीटरच्या आकड्यावर भुलून घेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण रबर चालवण्याने झिजते तसेच नुसत्या उभ्या राहण्यानेही म्हातारे होते.

‘बोनेट दाबून पाहिले, गाडी एकदाच हलली, मग जंपर ठीक ना?’

गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडायचा आणि ती किती वेळा हलते ते पाहायचे, ही परीक्षा सर्वांना माहीत आहे. ती खोटी नाही, पण तिच्यात फक्त पार मेलेला जंपर सापडतो. स्पोर्ट्स कारच्या स्प्रिंगा मुळातच कडक असतात, हाताने त्या पुरेशा दबतच नाहीत, आणि अर्धा झिजलेला जंपरही एवढ्याशा हालचालीत पास होतो.

त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवावा. झिजलेल्या जंपरमुळे चाक सतत बारीक उड्या मारते आणि टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने उंच-सखल भाग तयार होतात. डोळ्यांना दिसण्याआधी ते हाताला लागतात. जंपरच्या नळीवर नुसता तेलकट धुरळा असेल तर घाबरू नये, पण ओघळ असेल तर तो गेला असे समजावे. चाक जॅकवर उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवावे. ढिलेपणा लागला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा) किंवा बेअरिंग पाहावे. ३ आणि ९ च्या जागी लागला तर टाय रॉड एंडकडे, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या चाकाकडील सांध्याकडे, जावे. संथ वेगात बारीक उखडलेल्या रस्त्यावर कटकट असा आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा लिंक रॉडचा (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याला जोडणाऱ्या लहान दांडीचा) असतो, आणि ही दुरुस्ती सर्वांत स्वस्त आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना पुढून टण्ण असा झटका येत असेल तर जंपरच्या वरचे माउंटिंग संपले आहे. बुशची खरी तपासणी टॉमी, म्हणजे उचकटायची लोखंडी पहार, लावूनच होते: आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये टॉमी घालून हलके उचकटले की फाटलेले रबर तोंड उघडते.

‘जो गळतो तेवढा एकच जंपर बदलला तर?’

पैसे वाचवण्याची ही इच्छा मी समजू शकतो, तरीही माझे उत्तर नाही असेच आहे. जोडीतला एक बैल ताजा आणि दुसरा थकलेला असेल तर गाडी सरळ चालत नाही. एका बाजूचा जंपर नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना असेल तर गाडी वळणावर आणि ब्रेकवर दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागते, आणि ती कोणत्या क्षणी कशी वागेल याचा चालवणाऱ्याला अंदाज राहत नाही. पुढचे दोन किंवा मागचे दोन असे जोडीनेच बदलावेत.

एकदम सगळे करणे परवडत नसेल तर आधी सुरक्षिततेचे भाग, म्हणजे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड. त्यानंतर पुढचे जंपर त्यांच्या माउंटिंग, बंप स्टॉपर आणि धूळ-कव्हरसह, आणि त्याच वेळी लोअर आर्मचे बुश, कारण तेवढे उघडल्यावर बुशपर्यंत पोचण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही. मागचे काम पुढच्या हंगामावर ढकलता येते. भाग मागवताना गाडीचा चासिस नंबर देऊनच मागवावेत. एकाच मॉडेलच्या साध्या आणि स्पोर्ट प्रकारांत जंपर व स्प्रिंग वेगळ्या असतात, बाहेरून मात्र सारख्या दिसतात. ऑडी टीटीसारख्या काही गाड्यांत चुंबकीय जंपर असतात, त्यांच्या तेलातील लोहकणांवर विद्युतप्रवाहाने नियंत्रण ठेवले जाते. तेथे साधा जंपर लावला तर गाडी दिवा लावून तक्रार करते. अशी गाडी घेण्याआधी जंपरची किंमत विचारून घ्यावी, एवढेच सांगतो.

‘खर्च करतोच आहोत, तर गाडी खाली करून कडक का करू नये?’

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि याचे उत्तर मी सर्वांत कळकळीने देतो. कडक म्हणजे वेगवान, ही समजूत चुकीची आहे. १९६२ मध्ये आलेली लोटस एलान आणि १९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ या दोन गाड्या उत्तम वळणाऱ्या स्पोर्ट्स कारचे आदर्श मानल्या जातात, आणि दोन्हींच्या स्प्रिंगा बऱ्यापैकी मऊ होत्या. हलके वजन, चांगले जंपर आणि चाकाला नेमके धरून ठेवणारे आर्म यांच्या जोरावर त्या रस्त्याला चिकटून राहत. खडबडीत रस्त्यावर अति कडक स्प्रिंग चाकाला खड्ड्यात उतरूच देत नाही. टायर हवेत राहतो आणि आपण पुन्हा बंडीपाशी येतो.

गाडी ३० मिलिमीटर खाली केली म्हणजे चाकाला वर येण्यासाठी असलेल्या जागेतूनच ३० मिलिमीटर गेले, आणि गावातला दीड फूट रुंदीचा गतिरोधक तर आहे तेवढाच उंच राहिला. बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते, म्हणजे स्प्रिंग आणि जंपर एकत्र उभे बसवलेले आणि खाली एकच लोअर आर्म. अमेरिकन अभियंते अर्ल मॅकफर्सन यांनी १९४० च्या दशकात तयार केलेल्या या रचनेत गाडी जास्त खाली आणली की लोअर आर्मचा कोन उलटा होतो आणि गाडी वळणावर कमी कलण्याऐवजी जास्त कलू शकते. ज्यासाठी खर्च केला त्याच्या उलट फळ मिळते. याखेरीज, मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांत फेरफार करण्यावर बंधने घालते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेच्या बाजूने निकाल दिला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

पॉलियुरेथेनच्या, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकच्या, बुशविषयीही असेच विचारतात. ते टिकाऊ असतात आणि चाक अधिक घट्ट धरतात हे खरे. परंतु ते रबरासारखे पिळले न जाता घासून फिरतात, त्यांना ठरावीक ग्रीस पुन्हा पुन्हा लागते, आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का ते सांगाड्यापर्यंत पोचवतात. आमच्या धुळीत आणि आमच्या रस्त्यांवर मी मूळ मापाचे रबरी बुशच निवडले. ज्या उंचीवर आणि ज्या ताठरपणावर गाडी कारखान्यातून निघाली होती तिथे तिला परत नेले तर ती किती वेगळी चालते, याचा अनुभव जुनी गाडी घेणाऱ्या फार थोड्यांनी घेतलेला असतो, कारण त्यांनी ती नवी असताना चालवलेलीच नसते.

‘हे काम तालुक्याच्या गॅरेजात होईल का?’

होईल, काही बाबी सांभाळल्या तर. पहिली बाब जिवाची आहे. जंपरवर बसवलेली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत कित्येक शे किलोंचा जोर धरून असते. चांगल्या स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरचा मधला नट कोणीही सोडू नये, आणि स्प्रिंग दाबलेली असताना तिच्या रेषेत कोणी उभे राहू नये. दुसरी, जंपरचा चकचकीत दांडा पक्कडीत धरू नये. त्यावर उठलेला एक ओरखडा नवे सील काही महिन्यांत कापतो. तिसरी, दुहेरी नळीचा तेलाचा जंपर आडवा ठेवलेला असतो, म्हणून बसवण्याआधी तो उभा धरून हाताने पूर्ण आत-बाहेर चार-पाच वेळा करावा, म्हणजे चुकीच्या जागी गेलेला वायू वर येतो. सुटलेले नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) पुन्हा वापरू नयेत.

चौथी बाब मी नुकसान सोसून शिकलो. गाडी घेतली त्या शहरातल्या एका गॅरेजात मी आधी एकदा पुढचे बुश बदलून घेतले होते. लिफ्टवर चाके लोंबकळत असतानाच त्यांनी सगळे बोल्ट कसले. गाडी खाली उतरल्यावर आर्म वर गेला आणि नवे रबर त्याच क्षणापासून कायमचे पिळलेले राहिले. जणू धुणे पिळून तसेच दोरीवर टाकले. आठ महिन्यांत दोन्ही बुश फाटले.

कारंज्याच्या मिस्त्रींकडे काम दिले तेव्हा मी त्यांना हे सांगणार, इतक्यात त्यांनीच बोल्ट नुसते हाताने लावून सोडले. मी विचारले, “मिस्त्री, कसत नाही का?” ते म्हणाले, “भाऊ, गाडी चाकावर येऊ द्या, मंग कसतो. आत्ता कसलं त रबर पिळल्यावानी राह्यते.” त्यांच्याकडे लिफ्ट नाही, जमिनीत खणलेला खड्डा आहे. गाडी चाकांवर खड्ड्यावर उभी केली, दोघांना पुढे बसवून दोनदा डोलवली, मग मिस्त्री खड्ड्यात उतरले आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच कसणाऱ्या पान्याने) एकेक बोल्ट कसत गेले; प्रत्येक बोल्ट पूर्ण कसला की त्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ, बोल्टवरून आर्मवर येणारी, ओढत गेले. रेघ पुढे तुटलेली दिसली की बोल्ट सुटला हे वरून पाहताच कळते. या कामासाठी खड्डा लिफ्टपेक्षा बरा, कारण खड्ड्यावर गाडी तिच्या खऱ्या उंचीवर उभी असते. खड्डा नसेल तर लोअर आर्मखाली जॅक लावून आधी घेतलेल्या मापाएवढे चाक वर आणावे आणि मग कसावे. काट्यावर घेतलेली मापे येथे उपयोगी पडतात.

अलाइनमेंट आणि पहिले हजार किलोमीटर

इतके उघडल्यावर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी लांब नेऊ नये. कोणी पाय आत टाकून चालतो, कोणी फेंगडे चालतो, तसा चाकांच्या दिशेचा जो फरक, त्याला टो म्हणतात. चाक उभ्यात आत किंवा बाहेर झुकते तो कॅम्बर. टो थोडा जरी चुकला तरी टायर दर किलोमीटरला काही मीटर आडवे घासत जाते आणि नवे टायर एका हंगामात आतल्या बाजूने तारेपर्यंत उघडे पडते. मी गाडी अमरावतीला नेली, सावकाश, आणि तेथे छापील मापाचा कागद मागून घेतला. आधीचे आणि नंतरचे आकडे ज्यावर नाहीत ती अलाइनमेंट केली असे मी मानत नाही. नव्या स्प्रिंगा किंवा बुश घातले असतील तर गाडी काही दिवसांत किंचित बसते, म्हणून हजार किलोमीटरनंतर हे माप पुन्हा तपासावे आणि पांढऱ्या रेघाही पाहाव्यात.

माझ्या गाडीने त्या लाटांच्या रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाला डुलणे पहिल्याच दिवशी थांबवले. पण घुंई असा एक आवाज मात्र राहिला, आणि दोन दिवस मला काम फसले असेच वाटत होते. तो आवाज टायरांचा होता. झिजलेल्या जंपरने टायरवर पाडलेले उंच-सखल भाग नवे जंपर बसवल्याने बुजत नाहीत. ते टायर झिजून समान होईपर्यंत, किंवा बदलेपर्यंत, बोलत राहते. मी पुढचे दोन टायर मागे टाकले आणि आवाज मागच्या बाजूला गेला.